तुतारी कोणती? २०२४चा लोकसभा निकाल नाशिक जिल्ह्यातून समजून घेताना

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा बसमध्ये हेडफोन विसरला, त्यांच्यासाठी हा आजचा लिखित भाग. बोलताना जसं बोललो तसंच बरंचसं ठेवलंय. आकडे मात्र इथे नीट मांडलेत, कारण कानावरून आकडे सटकतात.

सुरुवात माझ्या मावशीपासून करतो. मावशी राहते पिंपळगाव बसवंतला. २० मे २०२४ला, म्हणजे मतदानाच्या दिवशी, संध्याकाळी मी तिला फोन केला.

"काय मावशी, केलं का मतदान?"

"केलं ना. सकाळीच जाऊन आले. तुतारीला दिलं."

मी सहज विचारलं, "तुतारी वाजवणारा माणूस होता ना चित्रात?"

फोनवर एकदम शांतता. मग मावशी म्हणाली, "माणूस? तुतारी होती बाबा. माणसाचं काय मला आठवत नाही."

तेव्हा मी हसलो. ४ जूनला निकाल लागला आणि हसू गेलं. कारण मावशीसारखी नेमकी किती माणसं होती, हा प्रश्न आख्खा जिल्हा विचारत होता. आज त्याच प्रश्नाला धरून आपण एक मोठी गोष्ट समजून घेणार आहोत: तुम्ही बटण दाबता तिथपासून दिल्लीत सरकार बनतं तिथपर्यंत तुमच्या मताचं नक्की होतं काय?

आधी एक गैरसमज काढून टाकू

लोकसभेला आपण पंतप्रधानाला मत देत नाही. पोस्टरवर चेहरा कुणाचाही असो, मशीनवर तो चेहरा नसतो. आपण मत देतो आपल्या मतदारसंघातल्या एका उमेदवाराला. देशात असे ५४३ मतदारसंघ आहेत. प्रत्येकाची मोजणी वेगळी, निकाल वेगळा. ज्याला सगळ्यांत जास्त मतं, तो खासदार. निम्म्याहून जास्त मतं लागतात असं काही नाही. दुसऱ्यापेक्षा एक मत जास्त असलं तरी काम झालं.

आणि हरलेल्याला पडलेली मतं? ती कुठेही पुढे जात नाहीत. तिथेच थांबतात. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता आपला जिल्हा. बऱ्याच जणांना वाटतं नाशिक जिल्ह्याचा एकच खासदार. तसं नाहीये. जिल्ह्यात विधानसभेच्या १५ जागा आहेत आणि त्या लोकसभेच्या तीन मतदारसंघांत वाटल्या गेल्यात.

नाशिक लोकसभा: नाशिक पूर्व, मध्य, पश्चिम, देवळाली, सिन्नर, इगतपुरी.

दिंडोरी लोकसभा: दिंडोरी, निफाड, येवला, चांदवड, नांदगाव, कळवण.

आणि उरलेल्या तीन, मालेगाव मध्य, मालेगाव बाह्य आणि बागलाण, या जातात धुळे लोकसभेत.

२०१९ला या तिन्ही जागा भाजप-शिवसेना युतीकडे होत्या. २०२४ला तिन्ही गेल्या. पण तीन जागांच्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. एकेक बघू.

पहिली गोष्ट: नाशिक. दोन सेना, एक बाण, एक मशाल

हेमंत गोडसे २०१४ आणि २०१९, दोन्ही वेळा शिवसेनेच्या धनुष्यबाणावर निवडून आले. २०१४ला तर त्यांनी छगन भुजबळांना हरवलं होतं. मग २०२२ला शिवसेना फुटली. फेब्रुवारी २०२३मध्ये निवडणूक आयोगानं पक्षाचं नाव आणि धनुष्यबाण एकनाथ शिंदेंकडे दिलं. ठाकरेंच्या पक्षाकडे आली मशाल.

त्यामुळे २०२४ला नाशिककरांसमोर गंमतच झाली. धनुष्यबाणावर गोडसे, आणि त्यांच्यासमोर मशाल घेऊन सिन्नरचे माजी आमदार राजाभाऊ वाजे. इकडे महायुतीत जागा कुणाला सोडायची यावर बरेच दिवस घोळ चालला. गोडसेंचं नाव जाहीर झालं १ मे रोजी, अर्ज भरायची मुदत संपायला दोन दिवस उरले असताना. वाजे तोवर कितीतरी गावं फिरून झाले होते.

निकाल: वाजे ६,१६,७२९. गोडसे ४,५४,७२८. फरक १,६२,००१.

हा १,६२,००१चा आकडा डोक्यात ठेवा. शेवटी परत लागणार आहे.

अजून एक हिशोब. नाशिक मतदारसंघात मतदार होते साधारण २० लाख. मतदान झालं जवळपास ६१ टक्के. म्हणजे घरी बसलेले, गावाला गेलेले, 'माझ्या एकट्यानं काय होतंय' म्हणणारे किती? जवळपास ८ लाख! जिंकणाऱ्याला मिळाली सहा लाख. 'मत न देणारे' असा एखादा उमेदवार असता तर तोच आरामात निवडून आला असता.

दुसरी गोष्ट: दिंडोरी. इथेच मावशी येते

दिंडोरी हा अनुसूचित जमातींसाठी राखीव मतदारसंघ. इथल्या खासदार होत्या डॉ. भारती पवार, केंद्रात आरोग्य राज्यमंत्री. त्यांच्यासमोर राष्ट्रवादी काँग्रेस (शरदचंद्र पवार) पक्षाचे भास्कर भगरे. पेशानं शिक्षक, त्यामुळे सगळे त्यांना 'भगरे सर' म्हणतात.

आणि हा पट्टा कुणाचा? कांद्याचा. लासलगाव, पिंपळगाव, चांदवड, येवला. ऑगस्ट २०२३मध्ये केंद्रानं कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं. डिसेंबर २०२३मध्ये निर्यातच बंद केली. ४ मे २०२४ला बंदी उठवली, म्हणजे मतदानाच्या फक्त १६ दिवस आधी. तीही किमान निर्यात मूल्य आणि शुल्क ठेवूनच. मधले पाच महिने ज्याच्या चाळीत कांदा होता, त्याला हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

तर राग होता. पण राग मशीनमध्ये उतरवायला चिन्ह ओळखावं लागतं. आणि इथे मेख होती.

राष्ट्रवादी फुटली, तेव्हा ६ फेब्रुवारी २०२४ला पक्ष आणि घड्याळ अजित पवारांकडे गेलं. २२ फेब्रुवारीला शरद पवारांच्या पक्षाला नवं चिन्ह मिळालं: तुतारी वाजवणारा माणूस. पंचवीस वर्षं घड्याळ बघितलेल्या माणसांना नवीन चिन्ह शिकवायला हातात तीन महिनेसुद्धा नव्हते. कार्यकर्त्यांनी गावोगावी काय सांगितलं? "तुतारी! तुतारी! तुतारी!" सोपं, लक्षात राहणारं.

पण आयोगाकडे अपक्षांना आणि छोट्या पक्षांना देण्यासाठी जी मोकळी चिन्हं असतात, त्यात एक होतं ट्रम्पेट. आपण त्याला पिपाणी म्हणू. मराठीत त्याचं नाव लिहिलं गेलं 'तुतारी'. म्हणजे एका बटणासमोर तुतारी वाजवणारा माणूस, आणि दुसऱ्या बटणासमोर नुसती पिपाणी, जिचं नाव तुतारी.

दिंडोरीत ती पिपाणी मिळाली बाबू भगरे नावाच्या अपक्ष उमेदवाराला. आडनावही तेच. भगरे आणि तुतारी, दोन्ही जुळलं!

निकाल बघा:

भास्कर भगरे: ५,७७,३३९
डॉ. भारती पवार: ४,६४,१४०
बाबू भगरे: १,०३,६३२

एक लाख तीन हजार! मोठा पक्ष पाठीशी नसलेल्या अपक्षाला. गंमत म्हणजे एवढी मतं घेऊनही डिपॉझिट जप्त होतंच, कारण डिपॉझिट वाचवायला एकूण वैध मतांच्या एक षष्ठांश तरी मतं लागतात.

आता इथे जरा सबुरीनं घेऊ. ही सगळी मतं चुकून पडली असं आपण म्हणू शकतो का? पक्कं नाही म्हणता येत. मतदान गुप्त असतं. कोणी मनापासून अपक्षालाच दिलं असेल, तर तो त्याचा हक्क. उभं राहणं हाही बाबू भगरेंचा हक्कच. मे २०२४मध्येच सारख्या नावाच्या उमेदवारांना रोखावं अशी मागणी सुप्रीम कोर्टात गेली होती. कोर्टानं ती ऐकायला नकार दिला. आईवडिलांनी तेच नाव ठेवलं म्हणून कुणाचा निवडणूक लढवायचा हक्क कसा काढून घेणार, असा कोर्टाचा सूर होता. बरोबरच आहे म्हणा.

मशीनला तुमच्या मनातलं कळत नाही. तिला फक्त बटण कळतं. मावशीच्या मनात काय होतं याची नोंद कुठेच नाही. तिनं दाबलेलं बटण तेवढं मोजलं गेलं.

बरं, पण भगरे सर जिंकलेच ना?

हो, १,१३,१९९ मतांनी जिंकले. लाट मोठी होती म्हणून एक लाख मतं बाजूला गेली तरी चालून गेलं. पण सगळीकडे लाट तेवढी नसते. जरा साताऱ्याकडे बघा.

साताऱ्यात भाजपचे उदयनराजे भोसले ५,७१,१३४. राष्ट्रवादी (शरदचंद्र पवार)चे शशिकांत शिंदे ५,३८,३६३. फरक ३२,७७१. आणि पिपाणीवाल्या अपक्षाला मतं किती? ३७,०६२. जिंकण्या-हरण्यातल्या फरकापेक्षा जास्त!

इथेही तीच अट लागू: ती मतं खरंच कुणाची होती हे कुणी सिद्ध करू शकत नाही. पण आकडे शेजारी शेजारी ठेवले की चिन्हाचा प्रश्न किती मोठा आहे ते दिसतं. पक्षानं आयोगाकडे तक्रार केली. ऑक्टोबर २०२४मध्ये आयोगानं सांगितलं की तुतारी वाजवणारा माणूस मशीनवर ठळक दिसेल असं करू, पण पिपाणी हे वेगळं चिन्ह आहे, ते काढणार नाही.

तिसरी गोष्ट: धुळे. एका क्षेत्रानं फिरवलेला निकाल

धुळे मतदारसंघात भाजपचे डॉ. सुभाष भामरे दोनदा निवडून आलेले. समोर काँग्रेसच्या डॉ. शोभा बच्छाव, नाशिकच्या माजी महापौर.

मोजणीच्या दिवशी टीव्हीवर जे बघत होते त्यांचा रक्तदाब वरखाली झाला असणार. सहापैकी पाच विधानसभा क्षेत्रांत भामरे पुढे. पाचही मिळून त्यांची आघाडी जवळपास १ लाख ९० हजार. आणि सहावं क्षेत्र मालेगाव मध्य. तिथे बच्छाव १,९८,८६९, भामरे ४,५४२.

शेवटी बच्छाव ५,८३,८६६, भामरे ५,८०,०३५. फरक ३,८३१.

काही जण म्हणाले, "पाच ठिकाणी पुढे असून हरले, हा कसला न्याय?" पण नियम आधीपासून तोच आहे. लोकसभेला विधानसभा क्षेत्रं जिंकायची नसतात, मतं जिंकायची असतात. शिंदखेड्यातलं एक मत आणि मालेगावातलं एक मत, दोघांचं वजन सारखं. सहा वेगवेगळ्या सामन्यांतले पाच जिंकले असं इथे नसतं. सामना एकच असतो, फक्त धावा सहा ठिकाणी निघतात.

आता जिल्ह्यातून दिल्लीला जाऊ

तर आपले तीन खासदार झाले: एक ठाकरेंच्या शिवसेनेचा, एक शरद पवारांच्या राष्ट्रवादीचा, एक काँग्रेसची. तीन पक्ष, पण आघाडी एकच. असे ५४३ जमले की लोकसभा. सरकार बनवायला त्यातले किमान २७२ पाठीशी लागतात.

२०२४ला भाजपला २४० जागा मिळाल्या. सगळ्यांत मोठा पक्ष, पण २७२ नाहीत. म्हणून तेलुगू देसमच्या १६ आणि जनता दल युनायटेडच्या १२ जागांना अचानक सोन्याचा भाव आला. मित्रपक्ष मिळून एनडीए २९०च्या पुढे गेली आणि ९ जूनला नरेंद्र मोदींनी तिसऱ्यांदा शपथ घेतली. काँग्रेस ९९वर आली, समाजवादी पक्ष ३७वर.

आता मतांची टक्केवारी बघा. भाजपची मतं २०१९ला साधारण ३७ टक्के होती. २०२४ला साडेछत्तीस. म्हणजे एक टक्कासुद्धा कमी झाली नाहीत. पण जागा? ३०३वरून २४०. त्रेसष्ट जागा गेल्या!

हे कसं काय? मघाशी म्हटलं होतं ना, हरलेल्याची मतं तिथेच थांबतात. तुम्हाला देशभरात किती मतं पडली यापेक्षा ती कुठे पडली, आणि समोरचे विरोधक एकत्र होते की विखुरलेले, यावर जागा ठरतात.

महाराष्ट्रात तर हे अजून टोकाचं झालं. दोन्ही आघाड्यांना ४३ ते ४४ टक्क्यांच्या आसपास मतं. फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी. पण जागा महाविकास आघाडीला ३०, महायुतीला १७. आणि सांगलीत अपक्ष विशाल पाटील.

फक्त आपल्याकडेच असं होतं असंही नाही. ब्रिटनची पद्धत आपल्यासारखीच. तिथे जुलै २०२४मध्ये लेबर पक्षाला सुमारे ३४ टक्के मतांवर ६५०पैकी ४११ जागा मिळाल्या. जर्मनीत मात्र प्रत्येक मतदार दोन मतं देतो, एक उमेदवाराला आणि एक पक्षाला, म्हणजे पक्षाच्या मतांच्या प्रमाणात जागा वाटता येतात. तिकडे आघाडी सरकार हा नेहमीचाच प्रकार. कोणती पद्धत चांगली यावर वाद घालायला एक वेगळा एपिसोड लागेल. पण 'जनतेनं अमक्याला नाकारलं' असं कुणी छाती ठोकून सांगायला लागलं की विचारायचं: मतांमध्ये नाकारलं की जागांमध्ये? दोन्ही वेगळं असू शकतं.

सहा महिन्यांत चित्र पालटलं

नोव्हेंबर २०२४ला विधानसभा आली. तोच जिल्हा, जवळपास तेच मतदार. नाशिक जिल्ह्यातल्या १५पैकी १४ जागा महायुतीला! लोकसभेला तिन्ही जागा एका बाजूला, विधानसभेला जवळजवळ सगळ्या दुसऱ्या बाजूला. मतदार कुणाच्या खिशात नसतो, तो असा.

आणि पंधरावी जागा? मालेगाव मध्य. तेच क्षेत्र, जिथे मे महिन्यात काँग्रेसला १ लाख ९४ हजारांची आघाडी मिळाली होती. नोव्हेंबरमध्ये तिथे एमआयएमचे मुफ्ती इस्माईल जिंकले. किती मतांनी?

१६२.

आठवतंय का वाजेंचा आकडा? १,६२,००१. जिल्ह्यातल्याच दुसऱ्या मतदारसंघात एकदा एक लाख बासष्ट हजार, आणि सहा महिन्यांनी इथे नुसते एकशे बासष्ट. एवढी माणसं तर एका सोसायटीत राहतात. लोकसभेला मुंबई उत्तर पश्चिममध्ये रवींद्र वायकर ४८ मतांनी जिंकले, साडेनऊ लाखांच्या आसपास मतदान झालेल्या मतदारसंघात. ४८ म्हणजे एसटीच्या एका बसमध्ये बसतील एवढी माणसं.

'माझ्या एका मतानं काय फरक पडतो' याचं खरं उत्तर असं: बहुतेक वेळा दिसण्यासारखा फरक पडत नाही. पण तुमच्या मतदारसंघात यंदा १,६२,००१ होणार की १६२, हे मतदानाच्या दिवशी कुणालाही माहीत नसतं. तुम्हालाही नाही, उमेदवारालाही नाही.

मग आपण करायचं काय?

चार गोष्टी. स्क्रीनशॉट काढून ठेवा.

एक, यादीत नाव आहे का ते आत्ताच बघा, निवडणूक लागल्यावर नको. निवडणूक आयोगाच्या अॅपवर दिसतं. नवीन नावासाठी फॉर्म ६, पत्ता बदलला असेल तर फॉर्म ८. आता वर्षातून चार तारखांना, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबरला, अठरा पूर्ण होणाऱ्यांचं नाव लागतं. सतरा झाल्यावर आगाऊ अर्जही करता येतो.

दोन, मतदानाच्या आदल्या दिवशी तीन गोष्टी पाठ करा: उमेदवाराचं पूर्ण नाव, चिन्ह आणि फोटो. फक्त आडनाव नको, फक्त 'तुतारी' नको. मशीनवर नावासमोर उमेदवाराचा फोटो असतो, तो मुद्दाम अशा सारख्या नावांसाठीच आहे. केंद्रात मोबाइल वापरता येत नाही, त्यामुळे आत गेल्यावर गूगल नाही!

तीन, बटण दाबल्यावर लगेच पळू नका. शेजारच्या व्हीव्हीपॅटच्या काचेतून सात सेकंद चिठ्ठी दिसते. नाव आणि चिन्ह वाचा. तुम्हीच चुकीचं बटण दाबलं असेल तर ते परत घेता येत नाही, म्हणून घाई बटण दाबण्याआधीच टाळायची.

चार, आणि हे सगळ्यांत महत्त्वाचं: घरातल्या मोठ्यांना मशीन समजावून सांगा. 'कुणाला दे' हे सांगू नका, तो त्यांचा प्रश्न. 'तुला ज्याला द्यायचंय त्याचं बटण कोणतं' हे मात्र दाखवा. मतपत्रिकेचा नमुना मोबाइलवर दाखवायला पाच मिनिटं लागतात.

मी ती पाच मिनिटं तेव्हा दिली नव्हती. मतदान झाल्यावर संध्याकाळी फोन केला, सकाळी नाही. विधानसभेच्या वेळी मात्र आदल्या दिवशीच पिंपळगावला गेलो. मावशीनं चहा टाकला, मी मोबाइलवर चिन्हं दाखवली. तिनं चष्मा लावला, एकेक चित्र बारकाईनं बघितलं आणि म्हणाली, "हे असं कुणी आधी दाखवलं असतं तर?"

तिनं कुणाला दिलं, मी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही. पण या वेळी संध्याकाळी फोन केला तेव्हा ती स्वतःहून म्हणाली, "चिठ्ठी वाचली बरं का. बरोबर होती."

चला, भेटू पुढच्या भागात. तोवर तुमच्या घरातल्या मावशीला एक फोन कराच.